बांबूवरची साखर

१८७७ साली नागपूरहून रायपूरला जावयाचे म्हणजे बैलगाडीचा प्रवास होता. आगगाडी नागपूरपाशी थांबे आणि पुढे पंधरवड्याहून अधिक दिवस दाट अरण्यातून वाट काढावी लागे. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त त्या वेळी कामानिमित्त रायपुरात होते. त्यांचे कुटुंब याच वाटेने त्यांच्याकडे गेले आणि बूढा तलावाच्या काठच्या बूढापारा या वस्तीत राहिले. कुटुंबातील चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला ठाऊक झाला. वाटेत एका डोंगराच्या कपारीत वरपासून खालपर्यंत लोंबणारे मधाचे प्रचंड पोळे पाहून त्याचे भान हरपले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

या प्रसंगाकडे अध्यात्माच्या दृष्टीने पाहण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्या मुलखातील सामान्य माणसाची रानातल्या गोडव्याशी असलेली ओळख निराळ्या कारणाने होती. मध, मोहाची फुले, चारोळी, तेंदूची फळे ही त्याच्या वर्षाच्या अन्नाचा एक भाग होती. आणि ज्या वर्षी शेत बुडे, त्या वर्षी तर तोच भाग सर्वांत मोठा ठरे. असे वर्ष बावीस वर्षांनी आले. १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. विक्रम संवताच्या हिशेबाने ते ५६ साल, म्हणून त्या दुष्काळाला ‘छप्पन्नाचा दुष्काळ’ हे नाव पडले. रायपूर जिल्हा म्हणजे भाताचे आगर. पाऊस गेला म्हणजे तेथे दुसऱ्या पिकाचा आधार नाही. त्याच मध्य प्रांताच्या दक्षिण टोकाला असलेला मराठी मुलूख चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे. तेथेही परिस्थिती कठीणच होती. मात्र तेथे जंगल अधिक होते.

चांद्याच्या त्या जंगलात १९०० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक नवलाची गोष्ट दिसून आली. तेथील बांबू मुख्यतः मानवेल जातीचा, भरीव आणि चिवट. बुरुडाच्या टोपल्यांपासून घराच्या कुडापर्यंत सर्वत्र उपयोगी पडणारा. या बांबूच्या कांडावर पांढरट, क्वचित फिकट तपकिरी रंगाचा गोड रस पाझरून वाळलेला आढळू लागला. इंचभर लांबीच्या त्या कांड्या एका बाजूने, म्हणजे बांबूला चिकटलेल्या बाजूने चपट्या आणि बाकी गोल असत. वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी पूर्वी कधी न पाहिलेला हा पदार्थ आसपासचे लोक मात्र काही महिन्यांपासून अन्न म्हणून खात होते.

बांबू आणि दुष्काळ यांची जोडी आपल्याकडे जुनी आहे. बांबू फुलला की दुष्काळ येतो, ही समजूत कोकणापासून बस्तरपर्यंत ऐकू येते, आणि फुललेल्या बांबूचे तांदळासारखे बी रांधून दिवस काढल्याच्या आठवणीही आहेत. बांबूच्या पोकळीत सापडणारे वंशलोचन तर वैद्यांच्या बटव्यातले नेहमीचे औषध. परंतु वंशलोचन म्हणजे मुख्यत्वे वाळूच्या जातीचे सिलिका. त्यात साखरेचा अंश नाही. चांद्याचा पदार्थ तसा नव्हता. तो खरोखरच गोड होता. म्हणून त्याचा नमुना कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये डेव्हिड हूपर या रसायनज्ञाकडे गेला.

हूपर हा या कामाला योग्य माणूस होता. मुंबईचे डॉक्टर विल्यम डायमॉक आणि वॉर्डन यांच्यासह त्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय औषधी वनस्पतींचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला होता. झाडावर पाझरून वाळणाऱ्या गोड रसाला पाश्चात्य औषधशास्त्रात ‘मन्ना’ म्हणतात. यहुदी लोकांना वाळवंटात आकाशातून मिळालेल्या अन्नाचे हे नाव. ते पुढे अनेक निरनिराळ्या पदार्थांना चिकटले. आपल्याकडे सुश्रुताने यवासशर्करेचा उल्लेख केला आहे. ती धमाशाच्या जातीच्या काटेरी झुडपावर मिळणारी साखर. युनानी हकिमांचे शीरखिस्त आणि तुरंजबीन हेही याच वर्गातले. पण युरोपात मन्ना म्हटले म्हणजे सिसिली बेटातील मन्नाच डोळ्यांसमोर येतो. तेथे एका जातीच्या अ‍ॅश वृक्षाच्या सालीला उन्हाळ्यात चिरा देतात, त्यांतून झरणारा रस वाळवतात आणि मुलांना सौम्य रेचक म्हणून देतात.

त्या सिसिलियन मन्नातील निम्म्याच्या आसपास भाग ज्या एका स्फटिकरूप द्रव्याचा असतो, ते १८०६ साली जोसेफ लुई प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने वेगळे केले. तेच मॅनाइट, म्हणजे आजचे मॅनिटॉल. साखरेच्या रेणूला एक क्रियाशील टोक असते. त्या टोकाला हायड्रोजनचे दोन अणू जोडले की साखर ही साखर राहत नाही, ती अल्कोहोल वर्गात जाते. अल्कोहोल म्हटल्याबरोबर दारू आठवण्याचे कारण नाही. रसायनशास्त्रात या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे, आणि मॅनिटॉलने कोणालाही नशा येत नाही. ते पांढरे असते, पाण्यात विरघळते, साखरेच्या निम्म्याने गोड लागते. मात्र आतड्यातून ते पुरते शोषले जात नाही. जे मागे राहते ते पाणी ओढून घेते आणि त्यामुळे जुलाब होतात. जे शोषले जाते त्याचाही शरीराला अन्न म्हणून फारसा उपयोग नाही.

हूपरपुढील प्रश्नाचे गांभीर्य यावरून लक्षात येईल. चांद्याच्या बांबूवरचा गोड पदार्थ जर मॅनाइट असता, तर महिनोन्‌महिने तो खाणाऱ्या उपाशी माणसांच्या पोटात अन्न जात नव्हते, रेचक जात होते. आणि तेही ज्या उन्हाळ्यात मदतकेंद्रांवर पटकीने माणसे पटापट मरत होती त्या उन्हाळ्यात. हूपरने पृथक्करण केले. पदार्थात पाणी थोडे, राख शेकडा एकाहूनही कमी, आणि बाकी जवळजवळ सर्व साखर. ती साखर मॅनाइट नव्हती. ती उसाच्या साखरेसारखी, किंबहुना तीच होती. त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात त्याने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. चांद्याच्या लोकांनी प्रयोगशाळेची वाट पाहिली नव्हती. पोटाने दिलेला निर्णय त्यांना पुरेसा होता, आणि तो बरोबर होता.

चांद्याची गोष्ट येथे संपते. मॅनिटॉलची मात्र येथून पुढे सुरू होते. जो दोष त्याला भुकेल्या माणसाच्या पानात स्थान देत नाही, तोच गुण म्हणून संशोधकांनी उचलला. शरीर ज्याला हात लावीत नाही, त्याचा शरीरातला प्रवास मोजता येतो.

रसायनशास्त्रज्ञांना त्याचा उपयोग हूपरच्या आधीच झाला होता. एमिल फिशर याने १८८८ च्या सुमारास मॅनिटॉलचे सौम्य ऑक्सिडीकरण करून मॅनोज नावाची साखर मिळविली, आणि शर्करांच्या रेणूंची रचना उलगडण्याच्या त्याच्या प्रचंड कामातील ती एक महत्त्वाची पायरी ठरली. त्या कामाबद्दल १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणुशास्त्रातही थोड्याच वर्षांत मॅनिटॉलचा शिरकाव झाला. जपानच्या शिगा याने आमांशाचा जीवाणू शोधला होता. अमेरिकेच्या फ्लेक्सनरला १९०० च्या सुमारास फिलिपीन्समध्ये आमांशाचाच, पण किंचित निराळा जीवाणू सापडला. दोघे दिसायला सारखे. परंतु मॅनिटॉल घातलेल्या खाद्यात वाढविले असता फ्लेक्सनरचा जीवाणू ते आंबवून आम्ल करतो, शिगाचा करीत नाही. पुढे १९४५ साली चॅपमन याने मीठ आणि मॅनिटॉल घालून जे खाद्य तयार केले, त्यावर पू निर्माण करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला की तांबडा रंग पिवळा होतो. गावोगावच्या रोगनिदान प्रयोगशाळांत ही तबकडी आजही वापरतात.

पण मॅनिटॉलची खरी कामगिरी मूत्रपिंडाच्या अभ्यासात आहे आणि तेथे थोडे थांबले पाहिजे. मूत्रपिंडात रक्त प्रथम केशवाहिन्यांच्या लक्षावधी सूक्ष्म गुच्छांतून गाळले जाते. गाळलेल्या द्रवातील उपयोगी भाग पुढच्या बारीक नलिका परत घेतात आणि उरते ते मूत्र. मूत्र मोजता येते. पण आत गाळले किती जाते ते कसे कळावे? ग्लुकोजवरून कळणार नाही, कारण निरोगी माणसात ते सगळेच परत घेतले जाते. युरियावरून कळणार नाही, कारण तोही काही प्रमाणात परत येतो. असा पदार्थ हवा की जो सहज गाळला जाईल, परंतु नलिका ज्याला परतही घेणार नाहीत आणि स्वतःहून त्यात भरही घालणार नाहीत. न्यूयॉर्कचे होमर स्मिथ यांनी अशा पदार्थांचा पिच्छाच पुरविला. प्रथम इन्युलिन हे वनस्पतींच्या कंदांत मिळणारे द्रव्य हाती आले. तेच आजवर प्रमाण मानले गेले आहे. १९४० साली स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉर्बिटॉल, मॅनिटॉल व डल्सिटॉल ही तीन भावंडे कुत्र्यांत आणि माणसांत तपासून त्यांचा निकाल प्रसिद्ध केला. मॅनिटॉल या कसोटीला बहुतांशी उतरले.

हिशेब सोपा आहे. एखाद्या माणसाच्या शिरेतून मॅनिटॉलचे द्रावण संथपणे सोडीत राहिले म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण स्थिर होते. समजा, मिनिटाला एक घनसेंटिमीटर मूत्र तयार होत आहे, आणि त्यात मॅनिटॉलचे प्रमाण रक्तद्रवाच्या सव्वाशे पट आहे. नलिकांनी मॅनिटॉलला स्पर्श केलेला नाही, म्हणजे ते सगळे गाळातूनच आले. तेव्हा मिनिटाला सव्वाशे घनसेंटिमीटर द्रव गाळला गेला असला पाहिजे. सुदृढ तरुणाचा आकडा खरोखरच याच्या आसपास येतो. म्हणजे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर! माणसाच्या अंगात रक्तद्रव असतो तो सारा तीन लिटरांच्या आसपास. तो एका दिवसात साठ वेळा गाळला जातो आणि त्यातून दीड लिटर मूत्र होते. उरलेल्या १७८ लिटरांची परतफेड नलिका करतात. मूत्रपिंडाला केवळ चाळण समजणाऱ्या जुन्या कल्पनेला याहून मोठा धक्का दुसरा नसेल. मॅनिटॉलने मिळणारा आकडा इन्युलिनच्या आकड्यापेक्षा किंचित कमी येतो, ही त्याची उणीव. म्हणून प्रमाणपद इन्युलिनकडेच राहिले.

मॅनिटॉल परत घेतले जात नाही, याचा दुसरा परिणाम असा की ते नलिकेत आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते आणि मूत्र वाढते. विरळ द्रावणातील पाणी पातळ पडद्यातून दाट द्रावणाकडे जाते, या क्रियेला तर्षण म्हणतात. मनुका भिजत घातल्या की फुगतात, ती हीच. वेसन आणि ॲन्स्लो यांनी १९४८ साली कुत्र्यांना भरपूर मॅनिटॉल देऊन असे तर्षणजन्य मूत्र वाहविले आणि नलिका मीठ कसे परत घेतात याची परीक्षा पाहिली. पाण्याचा लोंढा वाहत असताना आणि नलिकेतील मिठाचे प्रमाण रक्तापेक्षा खाली गेले असतानाही नलिका मीठ ओढून घेतच राहतात, असे दिसून आले. म्हणजे हे काम आपोआप होणारे नव्हे, शक्ती खर्चून केलेले आहे.

याच तर्षणाने मॅनिटॉलला प्रयोगशाळेतून रुग्णालयात आणले. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो, आणि कवटी हाडाची असल्यामुळे सुजेला जागा नसते. माणूस दगावतो तो पुष्कळदा या दाबामुळे. दाट द्रावण शिरेतून दिले असता मेंदू आक्रसतो, हे वीड आणि मॅककिबन यांनी १९१९ सालीच दाखविले होते. परंतु मीठ टिकत नसे. १९५० नंतर युरिया वापरून पाहिला गेला, तोही हळूहळू मेंदूत शिरे. १९६२ साली वाइज आणि चेटर यांनी मॅनिटॉलचा उपयोग प्रसिद्ध केला. मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत मॅनिटॉलला आत सोडीत नाही. ते रक्तातच राहते आणि मेंदूतील पाणी रक्तात खेचून घेते. पुढे ते पाणी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शेकडा वीस प्रमाणाचे हे द्रावण आज रायपूर-नागपूरकडील प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या कपाटात असते. थंडीच्या दिवसांत बाटलीत त्याचे खडे जमतात, ते गरम पाण्यात ठेवून विरघळवून, निववून मगच लावतात. या औषधाने प्रत्येक रोगी वाचतो असे नाही. शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ मात्र ते मिळवून देते, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच सारे अवलंबून असते.

मेंदूची ही भिंत मुद्दाम थोडा वेळ उघडण्यासाठीही त्याचाच उपयोग करता येतो. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत अत्यंत दाट द्रावण सोडले की भिंतीच्या पेशी आक्रसतात आणि फटी पडतात. रॅपोपोर्ट यांनी १९७० नंतर हा मार्ग दाखवून दिला आणि अर्बुदावरील औषधे त्या फटींतून पोहोचविण्याचे प्रयत्न झाले. जे द्रव्य भिंतीबाहेर राहते म्हणून उपयोगी, तेच भिंत उघडण्याच्याही कामी यावे, हे विशेष.

पेशींच्या अभ्यासात मॅनिटॉल मुकाट्याने राबते, म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. पेशी फोडून तिच्यातील शक्तिकेंद्रे, ज्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, ती शाबूत बाहेर काढावयाची तर भोवतालचे द्रावण नेमके हवे. नाहीतर ती फुगून फुटतात. त्यासाठी मॅनिटॉल आणि उसाची साखर यांचे मिश्रण वापरतात. चांद्याच्या जंगलात ज्या दोन गोडव्यांत निवड करावयाची होती, ते येथे एकाच नळीत नांदतात! वनस्पतीच्या पेशीची भिंत विकरांनी विरघळवून उघडी पेशी जिवंत ठेवावयाची असली तरी मॅनिटॉलच लागते. बियाण्याला पाण्याचा ताण कितपत सोसतो हे पाहावयाचे असेल, तर मॅनिटॉलच्या द्रावणात ते रुजत घालतात. पाणी समोर असूनही बियाण्याला ते सहज ओढता येत नाही. बशीत घडविलेला तो एक लहानसा दुष्काळच होय. भाताच्या वाणांवर असे प्रयोग पुष्कळ होतात. रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयाजवळ डॉ. रिछारिया यांच्या परिश्रमाने उभा राहिलेला भाताच्या वाणांचा वीस हजारांहून मोठा संग्रह आहे हे ध्यानात घेतले, तर या साध्या परीक्षेचे मोल त्या मुलखाला किती असेल हे सांगणे न लगे. १९९३ साली अमेरिकेतील संशोधकांनी आतड्यातील एका जीवाणूचे मॅनिटॉल घडविणारे जनुक तंबाखूच्या रोपात घातले आणि ती रोपे खारट पाण्यात अधिक तग धरून राहिली. गंमत अशी की रोपांत तयार झालेले मॅनिटॉल पाणी धरून ठेवण्याच्या दृष्टीने फारच अल्प होते. तेव्हा ते पेशीतील घातक द्रव्ये निकामी करून संरक्षण देत असावे, असे पुढील प्रयोगांवरून दिसू लागले.

आणि मग भूक. मॅनिटॉल भुकेल्याचे अन्न नव्हे हे खरे, पण भुकेने आतड्याचे काय केले ते मोजण्यास ते कामी आले. पुरेसे अन्न दिले तरी काही मुलांची वाढ खुंटते, हे कुपोषणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पूर्वीपासून दिसत होते. घाण पाणी आणि वारंवार होणारी हगवण यांमुळे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर झिजतात आणि पेशींमधील सांधे सैल होतात. अन्न शोषले जात नाही, आणि नको ते आत शिरते. डोळ्यांना न दिसणारी ही हानी मोजण्याकरिता मुलाला दोन शर्करांचे द्रावण पाजतात. मॅनिटॉलचा रेणू लहान. तो निरोगी अस्तरातून काही प्रमाणात आत जातो. लॅक्टुलोजचा रेणू मोठा; सांधे सैल असतील तरच तो जातो. शरीर या दोहोंपैकी कशाचेही फारसे काही करीत नाही, म्हणून आत गेलेला भाग मूत्रात जसाच्या तसा उतरतो. अस्तराचा विस्तार घटला की मूत्रातील मॅनिटॉल कमी होते, सांधे सैल झाले की लॅक्टुलोज वाढते, आणि दोहोंचे गुणोत्तर आतड्याची अवस्था सांगते.

आफ्रिकेतील गांबिया देशात लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांची अशी परीक्षा केली. ज्यांची आतडी अधिक बिघडलेली होती त्यांची वाढ अधिक खुंटलेली होती, हे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. पुढे आठ देशांत मिळून मुलांच्या वाढीचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात भारतातील केंद्र वेल्लोर येथे होते. तेथील मुलांनाही द्रावण पाजून, लहान पिशवीत काही तास मूत्र गोळा करून, त्यातील मॅनिटॉल मोजले गेले.